दोन किलोवाले तात्या

शिवऱ्यात दोन माणसं भेटली की पूर्वी पावसाचं बोलायची, मग रस्त्याच्या रुंदीकरणाचं, मग गुंठ्याच्या भावाचं. तात्या भेटले की मात्र एकच विचारणा होते, "तात्या, किती ऱ्हायलं?" तात्याही एकच उत्तर देतात, "दोनच."

हे दोन म्हणजे किलो. गेली काही वर्षं ते दोनच आहेत.

तात्या नेमके कोण, हे शोधायला जाऊ नका. पुणे–सातारा रस्त्याला लागून खेड शिवापूरपासून सारोळ्यापर्यंत कुठल्याही गावात उतरलात तरी एक तात्या भेटतील. मी त्यांना शिवऱ्यात बसवलं, कारण इथं भातखाचर, महामार्ग आणि हॉटेल एकमेकांना इतकी खेटून आहेत की वजन येतं कसं आणि जात का नाही, हे एका फेरफटक्यात दिसतं. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून आवण लावत होते तोवर तात्यांना पोट नव्हतं. रस्ता आधी चौपदरी झाला, मग सहापदरी व्हायला लागला, खाचरांचे गुंठे झाले आणि उरलेल्या तुकड्यावर तात्यांनी गाळे बांधले. भाड्याची गंमत अशी की ते घ्यायला वाकावं लागत नाही. हिरव्या रानाबरोबर तात्यांची कंबरही गेली आणि काटा 84 वर आला.

मग एका शिबिरात साखर तपासली. ती काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." किती, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, ते तात्यांनी स्वतः ठरवलं. उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा करायचे. तात्यांची उंची एकशे सत्तर, म्हणून वजन सत्तर. हा हिशोब पॉल ब्रोका नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावावर खपतो. मेंदूतलं वाचेचं केंद्र शोधणारे ब्रोका ते हेच. तात्यांच्या ठायी ब्रोकांची दोन्ही कामं एकत्र नांदतात. वजन अडलं, वाचा सुटली.

सुरुवातीचं सगळं झकास झालं, हे कबूल करायला हवं. त्या काळात महाराष्ट्रात दोन पंथ होते. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की आपल्या मातीतलं खा, भाताला आणि तुपाला भिऊ नका. घराघरांत या दोघांवरून भांडणं लागली होती. तात्या भांडले नाहीत. त्यांनी दीक्षितांकडून घड्याळ घेतलं आणि दिवेकरांकडून तूप. शिवाय पहाटे सर्व्हिस रोडनं वर्वे गावाच्या बाजूला चालायला लागले. वर्षभरात बारा किलो गेले. शर्ट बदलले, पट्ट्याला भोकं पाडली, साखर खाली आली. काटा 72 वर आला आणि बसला.

हे थांबणं का होतं, ते तात्यांइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नसेल. मुलगा हिंजवडीला असतो, तो काय काय पाठवतो. तात्या ते वाचतात आणि फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर सोडतात.

"एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. काल लग्नाला गेलो, आज दीड किलो वाढलो. म्हणजे मी साडेअकरा हजार कॅलरी जादा खाल्ल्या का?"

"खाल्ल्या असतील," टपरीवालं पोरगं म्हणतं.

"अरे, ते पाणी! मसालेभातातलं मीठ पाणी धरून ठेवतं. बुंदी पोटात गेली की तिचं ग्लायकोजेन होतं, आणि ते एका ग्रॅमला तीन ग्रॅम पाणी घेऊन बसतं."

इथवर तात्यांचं सगळं बरोबर असतं. पुढचंही बरोबरच असतं. चौऱ्याऐंशी किलोचा देह वर्व्यापर्यंत न्यायला जेवढं जळण लागत होतं तेवढं बहात्तरला लागत नाही. त्यातून शरीराला वाटतं दुष्काळ पडला, मग ते आणखी हात आखडतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा निरोप मेंदूला पाठवत असतात की साठा आहे, निवांत राहा. हे लेप्टिन 1994 साली सापडलं. चरबी घटली की निरोप पातळ होतो. उलट भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. म्हणून शेवटचे दोन किलो पहिल्या बारांपेक्षा महाग पडतात. तात्यांचा आवडता दाखला मात्र अमेरिकेतला आहे. महायुद्धाच्या अखेरीला, 1944–45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले.

"पुस्तकं जमवायला लागले, पुस्तकं!" तात्या म्हणतात. "मी तर नुसती भजी बघतोय."

आणि मग बघता बघता चार उचलतात. ती मोजणीत येत नाहीत, कारण ती उभ्यानं खाल्लेली असतात.

तात्यांच्या अडचणी खाण्यापेक्षा पंचांगातून जास्त येतात. पौषात मांढरदेवीची काळूबाई. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. यात्रेला पाव्हण्याकडे जायचं आणि जेवायचं नाही, याला भोर तालुक्यात भांडण म्हणतात. मग लग्नसराई. मग आखाड. जावई घरी, मटण चुलीवर, आणि सासऱ्यानं दोन भाकरींवर हात धुतला तर जावयाला वाटणार की आपल्यालाही आवरतं घ्यायला सांगतायत. श्रावण धार्मिक म्हणून तात्या त्यावर भिस्त ठेवतात. पण श्रावणात उपवास असतात आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी असते. भाद्रपदात मोदक, त्यामागे पितरांची खीर. पितरांना नाही म्हणण्याची छाती कुणाची? दिवाळीनंतर घरचा नवा इंद्रायणी शिजतो. त्याचा वास शेजारच्या आळीपर्यंत जातो आणि तात्या तर त्याच घरात राहतात. सगळं आटोपून तात्या कंबर कसतात तेव्हा पुन्हा पौष लागलेला असतो. वर्षात खरा मोकळा काळ तेवढा धुंधुरमासाचा, पण त्यात पहाटे उठून खिचडी आणि लोणी खायचं असतं.

"अहो, नका ना जाऊ काट्यावर, जेवून उठलाय आत्ताच," काकू म्हणतात.

"अगं, बघून तर घेतो."

काटा हा तात्यांच्या घरातला सर्वांत जास्त वापराचा पदार्थ आहे. सकाळी उठल्यावर, परसाकडून आल्यावर, चालायला जाण्याआधी, घाम आल्यावर, घाम सुकल्यावर. तो फरशीच्या एका ठरावीक चौकोनावरच ठेवायचा, कारण देवघराकडे सरकवला की तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो. बनियन काढून एकदा, घालून एकदा, म्हणजे बनियनचं वजन कळतं. घरच्यावर विश्वास उडाला की डेअरीचा. डेअरीवाल्यानं सांगितलं, "तात्या, हा दुधाचा आहे, यात फॅट पण निघती, तुमची काढू का?" तेव्हापासून तिकडे जाणं बंद झालं.

तात्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस मात्र एका धर्मकाट्यावर उगवला. महामार्गालगत वाळूचे, विटांचे, उसाचे ट्रक तोलायचा तो जमिनीतला भला मोठा काटा. ऑपरेटर ओळखीचा होता, काट्यावर गाडी नव्हती, तात्या चपला बाजूला ठेवून मधोमध जाऊन उभे राहिले. खिडकीतून आवाज आला, "सत्तर!" तात्यांनी पावती मागितली. ती मिळाली. आता, ज्या काट्यानं तीस टन तोलायचे तो दहा-दहा किलोच्याच पायरीनं बोलतो. बहात्तर हे त्याच्या लेखी सत्तरच, आणि तात्यांच्या जागी म्हशीचं रेडकू उभं राहिलं असतं तरी त्यानं शून्यानं संपणारा आकडाच दिला असता. ऑपरेटरनं हे समजावून सांगितलं. तात्यांनी मान डोलावली. पावती अजून पाकिटात आहे. तीवर गाडी क्रमांकाच्या जागी आडवी रेघ आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये तात्यांची प्रतिष्ठा एकदम वाढली. पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीगीर विनेश फोगट पन्नास किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि 7 तारखेला सकाळी शंभर ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली. रात्रभर झोप नाही, घाम गाळला, केस कापले, तरी शंभर ग्रॅम उरले. सगळा देश हळहळत होता, पण शिवऱ्याच्या टपरीवर लोक तात्यांची वाट बघत होते. तात्या आले, बाकावर बसले, म्हणाले, "शंभर ग्रॅमचं दुःख मला विचारा." त्या दिवशी ते खरंच गलबलले होते, चेष्टा करायची कुणाला छाती झाली नाही. दोन दिवसांनी तिथंच कुस्तीत अमन सेहरावतनं कांस्य जिंकलं आणि त्यानं लढतीआधी दहा तासांत साडेचार किलोंवर वजन उतरवल्याची बातमी आली, तेव्हा मात्र पोरांना राहवेना.

"तात्या, दहा तासांत साडेचार म्हणजे तुमचं दोनचं काम चहाच्या सुट्टीत होतंय की."

"ते पाणी असतं रे," तात्या म्हणाले.

"आणि केस?"

तात्यांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथून काही निघण्यासारखं नव्हतं.

माझं मत विचाराल तर तात्यांना ते दोन किलो नकोत, हे मला कधीच खरं वाटलं नाही. सत्तरवर पोचलेल्या माणसाला गावात काय किंमत? त्याला कुणी थांबवून विचारत नाही. बारा किलो घालवलेला माणूस जुना होतो. दोन किलो राहिलेला माणूस रोज ताजा असतो. त्याला चालायला जायला कारण असतं, लग्नात आग्रह करून घ्यायला कारण असतं ("एवढं एक घ्या तात्या, दोनच तर राहिलेत"), आणि नाही म्हणायलाही तेच असतं. गाळ्यांचं भाडं पहिल्या आठवड्यात गोळा होतं. उरलेले तीन आठवडे तात्या काय करणार होते?

परवा एक प्रकार घडला. उपकेंद्रात बीपी-शुगरची तपासणी होती. सिस्टरनं तात्यांना भिंतीशी उभं केलं आणि उंची मोजली. एकशे बहात्तर. तात्या म्हणाले, चुकलं, माझी एकशे सत्तर आहे. सिस्टरनं परत मोजली. टाचा टेकवून, चपला काढून. एकशे बहात्तर. मागं रांगेत बसलेल्या एका शाळामास्तरांनी तोंडी वजाबाकी केली आणि मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे तात्या, तुम्ही तर कधीच पोचलात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांचा चेहरा मी पाहिला आहे. रान विकलं त्या दिवशीही तो एवढा पडला नव्हता.

सिस्टर मात्र शहाणी निघाली. ती म्हणाली, ते शंभर वजाचं जुनं झालं, आता बीएमआय बघतात. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, आणि आपल्याकडं ते तेवीसच्या आत हवं. युरोपात पंचवीसपर्यंत चालतं, मग आपल्याला तेवीस का, हे तिनं सांगितलं नाही, पण त्याचं मूळ पुण्यातच बघायला मिळतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपला माणूस काट्यावर सडपातळ आणि आतून गुबगुबीत असतो, म्हणून आपली रेघ खाली ओढलेली.

तात्यांनी मोबाइल काढला. एक पूर्णांक बहात्तरचा वर्ग, गुणिले तेवीस. अडुसष्ट.

"म्हणजे चार!" तात्या म्हणाले. आवाज परत आला होता. "चार राहिले की अजून!"

ते उठले, चपला घातल्या, बाहेर पडून ही बातमी टपरीपर्यंत पोचवायला निघालेसुद्धा. सिस्टरनं मागून हाक मारली, कारण तिच्या हातात टेप होती. खरी परीक्षा काट्याची नसून पोटाची असते. आपल्याकडं पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ऐंशीच्या आत हवी, वजन काही का असेना. ती टेप तात्यांनी लावू दिली नाही.