मित्राच्या सेवापूर्तीचा बंदोबस्त

मित्र पोलीस खात्यातून निवृत्त होतोय आणि सत्काराचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. एवढंच ध्यानात ठेवा की या माणसाची सारी नोकरी दुसऱ्यांच्या कार्यक्रमांबाहेर उभं राहण्यात गेली आहे. मांडवात, मधल्या खुर्चीवर, हार घालून बसायचं प्रशिक्षण खात्यानं त्याला कधी दिलेलं नाही. म्हणून याला समारंभ समजू नका. बंदोबस्त समजा आणि रीतसर आराखडा आखा.

तारीख तुमच्या हातात नाही. ती हेडमास्तरांनी पहिलीच्या दाखल्यावरच ठरवून टाकली होती. वरणगावात काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, त्या पिढीतली कितीतरी पोरं कागदोपत्री 1 जूनलाच जन्मली. राज्य शासनाच्या नियमानुसार 58 वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे 31 मे, मध्यान्होत्तर. भुसावळ तालुक्यात पारा 45 च्या घरात असताना एखाद्याच्या अंगावर मध्यान्होत्तर शाल पांघरणं हा खरं तर दखलपात्र गुन्हा व्हायला हवा. कार्यक्रम संध्याकाळी सातनंतरच ठेवा. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, हे विसरलात तरी चालेल. तो उत्सवमूर्ती स्वतः उठून बंद करील.

त्याच्याच बाकावर बसणारा, त्याच हेडमास्तरांनी त्याच दिवशी जन्माला घातलेला दुसरा एक मित्र आयुध निर्माणीत असेल. फॅक्टरी केंद्राची, त्यामुळे तो 60 ला सुटणार. त्याला माइकपासून लांब ठेवा. ‘आम्ही इतकी काडतुसं बनवली, यानं उडवली किती?’ हा त्याचा ठरलेला विनोद आहे. वार्षिक सराव सोडला तर उत्तर शून्य येतं, आणि तीच खरी कर्तबगारी आहे. पण हे सांगायला गेलात की जेवण थंड होतं.

मिरवणुकीच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यातच द्यायचा असतो. मित्र ड्यूटीवर नसेल तेव्हा द्या. असलाच, तर मार्ग कोणता, वाजंत्री कुठली, माणसं किती, जबाबदार कोण, असं सगळं विचारून तो तुम्हालाच नोटीस बजावील. ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची असते. तो 149 चीच म्हणेल. दुरुस्त करायला जाऊ नका. 1 जुलै 2024 पासून चारशेवीसचं 318 झालं आणि तीनशे दोनचं 103. उभ्या नोकरीत पाठ केलेलं सगळं निवृत्तीच्या तोंडावर बदललं, ही जखम अजून ओली आहे.

फ्लेक्स छापायच्या आधी हुद्दा तपासा. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस तीस वर्षं काढून ग्रेड उपनिरीक्षक झालेला असतो. गल्ली अजून त्याला जमादारच म्हणते, पण फ्लेक्सवर खांद्यावर दोन चांदण्या दिसल्याच पाहिजेत. पुढाऱ्यांचे फोटो त्या चांदण्यांवर येणार नाहीत, इतकं छापणाऱ्याला बजावा.

जेवणात कोणीतरी भरीत-पुरीचा हट्ट धरणारच. मे महिन्यात भरताची वांगी मागणाऱ्याला समितीतून काढून टाका. ते डिसेंबरात, शेतात, काड्यांवर भाजून. आत्ता आमरस आणि खापरावरचे मांडे. माणसं फार असतील तर वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. पहिल्या पंगतीला मित्राला बसवा. तो ‘सगळ्यांचं होऊ द्या’ म्हणेल. हे ऐकलंत की बंदोबस्त फसला. आजवर त्याच्या वाट्याला बंदोबस्तावरची जेवणाची पाकिटंच आलेली आहेत.

भाषणं तीनच. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द एका वक्त्याला एकदाच वापरता येईल. चौथं भाषण वहिनींचं, आणि त्याला वेळेचं बंधन नाही. न घेतलेल्या अर्जित रजेचे 300 दिवसांपर्यंतचे पैसे निवृत्त होताना रोख मिळतात. हे दिवस नेमके कुठले, ते खात्यापेक्षा वहिनींना जास्त अचूक माहीत असतं. कोणती दिवाळी, कोणत्या पोराचं बारसं, कोणाचं ऑपरेशन. बोलू द्या त्यांना. या वेळी मित्र पाणी बघायला उठेल. बसवा.

भेट म्हणून घड्याळ देऊ नका, चार तरी येतीलच. त्याला पंढरपूरला न्या. ‘मी तर कितीदा जाऊन आलोय’ असं तो म्हणेल. खोटं नाही ते. पण वारीच्या बंदोबस्तातल्या माणसाचं तोंड गर्दीकडे असतं आणि पाठ विठ्ठलाकडे. मुक्ताईनगर जवळच आहे. मुक्ताईच्या पालखीबरोबर निघा आणि निदान चार मुक्काम त्याला बिनशिट्टीचं चालवा.

मिरवणुकीत उघडी जीप ठेवा, पण चालकाच्या मागे त्याला एकटा सोडू नका. बसस्टँडजवळ केळीचा ट्रक आडवा आला की तो हारासकट खाली उडी मारून वाहतूक मोकळी करायला धावेल. दोन धडधाकट माणसं दोन्ही बाजूंना ठेवा आणि दंडाला धरा. ही पद्धत त्याच्या सवयीची आहे, फारसा प्रतिकार होणार नाही.

1 जूनपासूनचा धोका वेगळा. सकाळी प्लॉटवाले येतील. पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंतचं अंशराशीकरण होतं हे त्यांना कुठून कळतं, याचा तपास आजवर लागलेला नाही. दुपारी उसने मागणारे पाहुणे. त्यांना तो चांगला हाताळील, उलटतपासणीचा सराव आहे. त्याला धोका ठाण्याकडून येणाऱ्या फोनचा. गणपती जवळ आले की नवे साहेब विचारतील, ‘शांतता समितीत येता का?’ तो नाही म्हणणार नाही. म्हणून फोन तुम्ही उचला आणि सांगा, साहेब मंडळाच्या पावत्या फाडायला गेलेत.