समुद्राचा अडसर

मुंबईकराच्या समुद्रसुखातला मुख्य अडसर म्हणजे समुद्र, हे अखेर ओळखल्याबद्दल संबंधितांचे जाहीर अभिनंदन. खारा वारा, भरतीचे शिंतोडे, भेळेतली सादळलेली शेव हे किती पिढ्यांनी सोसायचे? २०२४ साली सागरी किनारा मार्ग खुला झाला आणि गिरगाव चौपाटी खालून पार करता येऊ लागली. दोन किलोमीटरचा बोगदा, काचा वर, एसी चालू. चपलेत वाळूचा कण नाही.

कलेनेही हाच कित्ता गिरवला आहे. काळा घोडा महोत्सवात चित्राकडे पाठ करून फोटो काढायचा आणि सरकायचे. (तिथला घोड्यावरच्या राजाचा पुतळा १९६५ सालीच हलवला, २०१७ साली बसवलेल्या घोड्यावर स्वारच नाही. गर्दीत चढायला जागा मिळाली नसावी.)

आमची नम्र सूचना एवढीच, की बोगद्याच्या भिंतीवर सूर्यास्त रंगवावा, ताशी साठच्या वेगात दिसेल इतपत. बोंबील तळल्याचा वास मात्र सोडू नये. सोसायटीच्या नियमांत बसत नाही.

राहता राहिला खरा समुद्र. वरळीच्या कोळ्यांनी भांडून याच मार्गाच्या पुलाच्या खांबांमधले अंतर ६० मीटरवरून १२० करून घेतले, होड्यांसाठी. तेवढी फट बुजवली, की पार्किंगचाही प्रश्न सुटेल.