फाटकबाबा

जून अर्धा सरला की महाराष्ट्र दोघांची वाट पाहतो. एक पाऊस, दुसरी शाळा. पाऊस हवामान खात्याचं ऐकेलच असं नाही. शाळा मात्र ठरल्या तारखेला भरते. विदर्भात ऊन ओसरेपर्यंत ती थोडी मागे राहते, एवढंच. त्या दिवशी कुठल्याही बालवाडीच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. सगळे पालक पांगल्यावरही एक गृहस्थ गजांना धरून उभे दिसतील. कपाळावर घाम, हातात चिमुकला रुमाल. "रुमाल द्यायचा राहिला हो," हे त्यांचं थांबण्याचं अधिकृत कारण. हेच फाटकबाबा.

फाटकबाबांची तयारी दिवाळीपासून सुरू असते. ३१ डिसेंबरला मुलाची तीन वर्षं पुरी व्हायला हवीत, हा नियम त्यांना गायत्री मंत्रासारखा पाठ असतो. मूल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं असेल, तर बाळंतपणाच्या डॉक्टरांवरचा त्यांचा राग अजून गेलेला नसतो.

मग खरेदी. सगळं वाढत्या अंगाचं. रेनकोट पुढच्या तीन पावसाळ्यांच्या बेतानं घेतलेला, त्यामुळे आत मूल आहे की नाही हे हात घालून पाहावं लागतं. बाटलीवर नाव, तिच्या झाकणावर नाव, डब्यावर नाव, चमच्यावर नाव, मोज्यांवरही नाव. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला अजून वाचता येत नाही. पूर्वप्राथमिकच्या मुलांना दप्तरच नको, असं केंद्राचं २०२० सालचं दप्तर धोरण सांगतं. फाटकबाबांनी ते वाचलेलं असतं आणि दप्तरही घेतलेलं असतं. "असलेलं बरं," ते म्हणतात. आत कपड्यांचा जादा जोड, नॅपकिन आणि आईबाबांचा एक फोटो. मुलाला आठवण आली तर बघायला.

आदल्या आठवड्यात ते मुलाची मानसिक तयारी करून घेतात. "शाळेत रडायचं नसतं हं," असं सकाळ-संध्याकाळ बजावतात. शाळेत रडण्याचीही सोय आहे, हे मुलाला तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

पहिल्या दिवशी घरात लगीनघाई. देवापुढे फोटो, दारात फोटो, स्कूटरवर फोटो, शाळेच्या पाटीखाली फोटो. आजी हातावर दहीसाखर ठेवते. आजोबा पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, "तुला आम्ही शेजारच्या पोरीच्या बोटाला धरून पाठवला होता. तू कितवीत आहेस, हे मला एकदम चौथीत कळलं." फाटकबाबा अशा माणसाशी वाद घालत नाहीत. त्यांनी बालमानसशास्त्रावरचे व्हिडिओ पाहिलेले असतात.

ताराबाई मोडकांचं नावही त्यांच्या तोंडी असतं. ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, हे त्यांनी आणि अनुताई वाघांनी तिथे करून दाखवलं. अंगणवाडीचं मूळ ते. फाटकबाबांना हा इतिहास फार आवडतो, कारण त्यातून त्यांनी सोयीचा अर्थ काढलेला असतो. ताराबाईंनी शाळा अंगणात नेली. यांना अंगण, ओसरी, स्वयंपाकघर आणि स्वतःला धरून अख्खं घर शाळेत न्यायचं असतं. "पहिला आठवडा मी मागच्या बाकावर बसलो तर चालेल?" असं त्यांनी बालवाडीच्या ताईंना विचारलेलं असतं. बालवाडीत मागचा बाक नसतो. पुढचाही नसतो.

मग तो क्षण येतो. ताई हात पुढे करतात. मुलाला आत वाळूचा चौक दिसतो. ते बोट सोडतं आणि धूम ठोकतं. "अरे, टाटा तरी कर!" फाटकबाबा ओरडतात. वाळूला टाटाचं सोयरसुतक नसतं. आई एकदा डोळे पुसते, व्हॅनवाल्या काकांशी पैशांचं नक्की करते आणि आपली लोकल गाठते. फाटकबाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली असते. रजा वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही.

तेवढ्यात आतून एक टाहो येतो. फाटकबाबा वॉचमनचा हात धरतात. "हा आमचाच ना?"

"साहेब, पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा आवाज सारखाच येतो. गाडी तेवढी बाजूला घ्या."

मावशी बाहेर येऊन निर्वाळा देतात, "तुमचा मस्त मातीत खेळतोय. रडणारा दुसरा." फाटकबाबांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो आणि त्याच्या मागोमाग थोडा अपमानाचाही. इतक्या तयारीनंतर अगदीच रडू नये म्हणजे काय!

पहिल्या दिवशी शाळा तासा-दीड तासातच सुटते. मूल बाहेर येतं आणि उलटतपासणी सुरू होते.

"काय शिकवलं?"

"काही नाही."

"ताईंचं नाव काय?"

"ताई."

"खाऊ काय खाल्लास?"

"केळं."

डब्यात केळं नव्हतं. डब्यात शिरा होता, आणि तो तसाच परत आलेला असतो. मग पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर दुपारभर एकच प्रश्न फिरतो: केळं कुणी दिलं? उत्तर मिळत नाही. मुलाला विचारावं, तर ते गालातल्या गालात हसतं.

फाटकबाबांचं खरं दुखणं हे केळं आहे. तीन वर्षं या मुलाची प्रत्येक ढेकर त्यांच्या हजेरीत झाली. कुठल्या कुशीवर झोपतं, कुठली भाजी थुंकतं, कशानं दचकतं, सगळं त्यांना ठाऊक. आज पहिल्यांदा त्याच्या आयुष्यात तासभर असं काही घडलं, ज्याला ते साक्षीदार नाहीत. पुढे असे तास वाढतच जायचे. शाळेचे, सहलीचे, कॉलेजच्या कट्ट्यावरचे. मुलाच्या हे लक्षातही येत नाही. बापाच्या मात्र पहिल्याच दिवशी येतं, म्हणून तो गज सोडत नाही. त्याला हसावं जरूर, पण वॉचमनसारखं हटकू नये.

तुमच्या घरात असे कुणी असतील, किंवा येत्या जूनमध्ये तुम्हीच व्हायची शक्यता असेल, तर अनुभवी ताई सांगतात तेवढं ऐका. मुलाची नजर चुकवून पळू नका. "न्यायला येतो" असं सांगून निघा. सांगितलेल्या वेळेला फाटकाशी हजर राहा. मधल्या वेळात मात्र सरळ कामावर जा. रुमालाचं काय, मावशींकडे जादाचे असतात.