हिवाळी फटफटी-मोहिमेची कलमे

ज्या मुलखात वर्षातील निम्मा काळ भूमी हिमाच्छादित असते, तेथील रहिवाशांनी बर्फावरून धावणारे वाहन निर्माण करावे आणि चार स्नेह्यांसह त्यावर आरूढ होऊन वादळाला सामोरे जावे, यात नवल नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील बॉम्बार्डिए नामक यंत्रविशारदाने १९५९ साली असे हलके वाहन बाजारात आणल्यापासून त्या हौसेला तिकडे शास्त्राची प्रतिष्ठा लाभली आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात मात्र, जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांची सीमा सहज ओलांडतो आणि आकाशातला बर्फ केवळ गारांच्या रूपाने, तोही ऐन रब्बी उभी असताना, दर्शन देतो, तेथे हीच हौस फटफटीवर बसून, बोरधरणाच्या बाजूला एखाद्या ओळखीच्या शेतात हुरडा खाण्यास जाऊन भागवावी लागते. अशा मोहिमा दर हिवाळ्यात निघत असताही त्यांच्याविषयी एकही नियमावली नसावी, ही जिल्ह्याच्या आठही तहसिलींना न शोभणारी उणीव आहे. ती दूर करण्याच्या लोकहितकारी हेतूने पुढील कलमे सादर केली आहेत.

कलम पहिले : ऋतुविचार

हवामानास लहरी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पश्चिमेकडून हिमालयाच्या अंगाने सरकणारे विक्षोभ थंड, कोरडी हवा मध्य भारतावर आणून सोडतात, बंगालच्या उपसागरावरचे बाष्पाने भारलेले वारे त्याच सुमारास विदर्भात येऊन थडकतात, आणि या दोघांची गाठ पडली म्हणजे डिसेंबरपासून मार्चपर्यंत केव्हाही गडगडाट, अवकाळी पाऊस व गारपीट होते. इतका कार्यकारणभाव ज्याच्या वर्तनात आहे त्याला लहरी ठरवावे, आणि सहाला येतो असे सांगून साडेआठला अंथरुणातूनच “निघालो” म्हणणाऱ्या मित्रास दिलदार म्हणावे, हा कोणता न्याय? नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र पिवळा, नारिंगी, तांबडा अशा रंगांनी जनतेस पूर्वसूचना देत असते. नियोजकाने तो इशारा आदल्या रात्री मोठ्याने वाचून दाखवावा, सर्वांनी तो गंभीरपणे ऐकावा, आणि मग मंडळातील ज्येष्ठाने “काही नाही होत बे!” असा निकाल द्यावा, या निकालावर अपील करण्याची तजवीज कोणत्याही कायद्यात नाही.

कलम दुसरे : मंडळाची रचना

मोहिमेस एक नियोजक, एक खजिनदार आणि ज्याच्या काकांचे शेत आहे असा एक सदस्य इतके पदाधिकारी पुरेसे आहेत असा सामान्य समज आहे. परंतु ज्या पदावाचून मोहीम शेवटास जात नाही ते पद दोषाधिकाऱ्याचे होय. पाऊस आला, चाक पंक्चर झाले, चहाची टपरी बंद निघाली, तर त्याचे उत्तरदायित्व कोणावर, हे प्रस्थानापूर्वीच मुक्रर असले म्हणजे वाटेत मनोमालिन्य उद्भवत नाही. या पदास सर्वांत लायक इसम तोच, ज्याने आदल्या दिवशी “रेनकोट ठेवायचे का?” असे विचारले असेल: पाऊस पडला तर त्याने अपशकुन केला, आणि न पडला तर त्याने विनाकारण ओझे वाहायला लावले, अशा रीतीने दोन्ही बाजूंनी त्याच्यावर आरोप शाबीत होतो.

कलम तिसरे : साहित्य व प्रस्थान

शिरस्त्राण सर्वांनी घालावे. ते गारांपासूनही बचाव करते हा त्याचा अवांतर लाभ होय. छातीवर, जाकिटाच्या आत, वर्तमानपत्राची घडी ठेवल्यास वारा आत शिरत नाही, आणि अग्रलेखाचा असा प्रत्यक्ष उपयोग अन्यत्र क्वचितच घडतो. शिदोरीत गोरसपाक असावा. वर्ध्याच्या या बिस्किटाने भुकेची पहिली बंडाळी मोडते. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे उष्णतेचा पुरवठा चहावर आणि परस्परांवरील टीकेवर अवलंबून ठेवावा.

बजाज चौकात जमण्याची वेळ सहाची सांगावी, म्हणजे उन्हे वर येईपर्यंत गणसंख्या पुरी होते. तेथून सेलू, हिंगणी, बोरधरण असा मार्ग आहे. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, सबब त्यावर आपला वंशपरंपरागत हक्क आहे, असा युक्तिवाद एखादा सदस्य करील. त्यास दुचाकीला तेथे मज्जाव असल्याचे शांतपणे सांगावे. बोरचे अभयारण्य १९७० सालचे असून २०१४ पासून त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा आहे. तेथेही फटफटीने शिरण्याची मुभा नाही. वाघाच्या दृष्टीने पाहिल्यास हे दोन्ही निर्बंध वाजवी आहेत.

कलम चौथे : मार्गातील आचरण

धुवारी पडली असता दोन वाहनांत अंतर राखावे, दिवे चालू ठेवावेत आणि पुढच्याने एकाएकी थांबून सूर्योदयाचे छायाचित्र घेऊ नये. मागे बसणाऱ्याने चालकास वाऱ्याची भिंत समजावे, पण तसे बोलून दाखवू नये. आभाळ काळवंडले, थंड झोत सुटला आणि पहिली गार शिरस्त्राणावर टणकन आपटली, तर झाडाखाली उभे राहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण वीज झाडालाच आधी ओळखते. एसटीचा पक्का निवारा, शाळेचा व्हरांडा, कोणाच्या घराची पडवी, यांपैकी जे प्रथम सापडेल तेथे शिरावे. तेथे शिरल्यावर दोषाधिकाऱ्याची चौकशी सुरू करावी. ही चौकशी गार थांबेपर्यंतच चालवण्याचा प्रघात आहे. त्यानंतर ती तहकूब करून पुढे निघावे.

कलम पाचवे : हुरडा

कापूस आणि सोयाबीन यांच्या रेट्यापुढे ज्वारीचे क्षेत्र आक्रसले असल्याने हुरड्याजोगे कणीस मिळणे हा हल्ली नात्यागोत्याचा विषय झाला आहे, आणि म्हणूनच काकांचे शेत असलेला सदस्य मंडळात अवध्य मानला जातो. शेतावर पोहोचताच काकांना नमस्कार करावा, “काका, तुम्हाला उगाच त्रास” असे म्हणावे आणि तो त्रास द्यावा. पावसाने गोवऱ्या ओलावल्या असतील तर आगटी धुमसते, डोळ्यांना पाणी येते आणि सर्व सदस्य भावनाप्रधान दिसू लागतात. अशा वेळी आजन्म मैत्रीच्या प्रतिज्ञा घेऊ नयेत. भाजलेले कणीस हातावर चोळून निघालेले कोवळे दाणे शेंगदाण्याच्या चटणीशी व गुळाशी खावेत. धुऱ्यावर साचलेल्या गारा मुठीत घेऊन “काश्मीर झालं रे!” असे उद्गार काढण्याची अनावर इच्छा होईल, परंतु तत्पूर्वी काका कोणीकडे पाहत आहेत ते पाहावे. ते गव्हाकडे पाहत असतात. “गहू झोपला बाप्पा,” एवढेच ते म्हणतात, आणि आणखी कणसे आणावयास जातात.

कलम सहावे : पंचनामा व पैसेवारी

परत आल्यावर मोहिमेचा रीतसर पंचनामा करावा. भिजलेले भ्रमणध्वनी, हरवलेला एक हातमोजा, बंद पडलेली फटफटी ढकलताना झालेला वाक्कलह, यांची नोंद घेऊन दोषाधिकाऱ्याची कैफियत ऐकून न घेता ती फेटाळावी आणि मोहिमेची पैसेवारी काढावी. महसुली व्यवहारात पीक ५० पैशांहून खाली उतरले म्हणजे टंचाई मानतात. आमच्या मोहिमांत मात्र पैसेवारी जितकी खाली जाईल तितकी तिची कीर्ती वाढते, आणि काही न बिघडता पार पडलेल्या सहलीची आठवण पुढच्या पोळ्यापर्यंतही टिकत नाही.

दुसरा पंचनामा काकांच्या शेतावर होतो. तेथे तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक बांधावर उभे राहून आडवा गहू, झडलेला हरभरा आणि भिजून डागाळलेला कापूस पाहतात, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर भरले तरच मदतीची वाट मोकळी होते. एकाच दुपारची एकच गारपीट आमच्या दप्तरी जमेच्या बाजूस आणि काकांच्या दप्तरी खर्चाच्या बाजूस पडली, ही विसंगती दोषाधिकाऱ्याच्या माथी मारता येण्यासारखी नाही, आणि या नियमावलीत तेवढ्याच एका गोष्टीस उपाय सुचवणे भाग आहे.

तो उपाय असा, की ज्याच्या शेतात हुरडा खाल्ला त्याच्या शेतात गारपिटीनंतरच्या रविवारी मंडळाने सकाळी सहाला हजर राहावे, बोंडांतला ओला कापूस वेचून उन्हात पसरावा, पडलेले पीक उचलू लागावे, आणि चहा आपला न्यावा. त्या दिवशी जे सदस्य रुजू होतील त्यांचीच नावे पुढील हिवाळ्याच्या यादीत घालावीत. यादी आटोपशीर होईल, फटफट्या कमी लागतील आणि पेट्रोलचा हिशेब खजिनदारास प्रथमच जुळवता येईल.