कलम ८०डी यांस, रोखीच्या पावत्यांसह सादर

माननीय कलम ८०डी,

आरोग्यावरील खर्चाची वजावट देणे, म्हणजे करपात्र उत्पन्नातून तेवढी रक्कम वगळणे, हे १९६१ च्या आयकर कायद्यातील आपले कार्य सर्वश्रुत आहे; मात्र या औदार्यात पहिला मान विम्याच्या हप्त्याचा असून, औषधांना जागा मिळते ती साठी गाठलेल्या आणि आरोग्यविमा नसलेल्या व्यक्तीपुरतीच, वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत. पन्नाशीत मधुमेह जडलेल्याने आपल्या सोयीसाठी थांबावे, हे ओघानेच आले.

वय आणि जुना रक्तदाब पाहून विमा कंपनीने ज्यांचा अर्ज परत केला, त्या वृद्धांनी एवढेही गोड मानून घेतले असते. परंतु औषधांचे पैसे रोखीने दिलेले चालणार नाहीत, अशी अट आपण घातली. निवृत्त मनुष्य गल्लीतल्या मेडिकलमधून रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप कापून घेतो, सोबत गुडघ्याला चोळायचे मलम, ओआरएसची पुडी आणि चिठ्ठीविना मिळणारी पॅरासिटामॉल घेतो, कोपऱ्यात 'कॅश' छापलेली पावती डब्यात जपून ठेवतो, आणि विवरणपत्र भरायच्या वेळी करसल्लागार तो सारा गठ्ठा न मोजताच परत करतो. त्या मलमाला 'वैद्यकीय खर्च' म्हणावे की नाही, हा वाद तर पुढचाच, कारण त्याची व्याख्या आपण कोठेही दिलेली नाही. याउलट प्रतिबंधात्मक तपासणीसाठी, म्हणजे आजार जडण्यापूर्वीच करून घ्यायच्या चाचण्यांसाठी, ५,००० रुपयांपर्यंत रोख रक्कमही आपणास चालते! पॅथॉलॉजीच्या काउंटरवर जी नोट सोवळी, तीच शेजारच्या औषधाच्या दुकानात शिरताच ओवळी कशी होते? बामच्या बाटलीत कोण किती काळा पैसा दडवणार आहे? हा करचुकवेगिरीवरचा उपाय नव्हे, म्हाताऱ्या माणसांचा निव्वळ छळ आहे.

नोकरदारांना बिले दाखवून मिळणारी वार्षिक १५,००० रुपयांची करमुक्त वैद्यकीय प्रतिपूर्ती २०१८ च्या अर्थसंकल्पाने प्रमाणित वजावटीत विरघळवली, त्याचा दोष मात्र आपणाकडे नाही.

किंबहुना आपली अवस्थाही आता करुणच आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात आपणास प्रवेश नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने तर आपला क्रमांकही काढून घेतला. जुनी प्रणाली मुद्दाम निवडणाऱ्या ज्या करदात्यांमुळे आपली धुगधुगी टिकून आहे, त्यांत हे रोखीने औषधे घेणारेही आहेत. त्यांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. निदान एकदा मोजून तरी पाहाव्यात.

कळावे.