सहा पायांचा हिशेब

घरात खरा किडा निघाला की आपण चप्पल शोधतो. तोच किडा कागदाचा असला की त्याला डोळे चिकटवतो, गालातल्या गालात हसवतो आणि फ्रिजच्या दारावर मानाची जागा देतो. मे महिन्याच्या सुट्टीत हा दुटप्पीपणा घरोघरी रंगात येतो. ओट्यावर मुंग्यांना अडवायला हळदीची रेघ ओढलेली असते आणि तिथून चार हातांवर, जेवणाच्या टेबलाशी, त्याच घरातली मोठी माणसं मुलांना शेजारी बसवून मुंगीला मिशा लावत असतात.

मला हा उद्योग मनापासून आवडतो. नातवंडं आपली निमित्ताला. त्यातही किडेच आवडतात, कारण त्यांत सूट फार. मोर करायला घ्या, येणारा-जाणारा विचारतो, "कोंबडी का गं ही?" हत्तीची सोंड जरा आखूड झाली की डुक्कर होतं. किड्याचं तसं नाही. गोळा वळला, काड्या खोचल्या, झाला किडा. शास्त्रज्ञांनी ज्यांना नावं दिली आहेत असे कीटकच जगात दहा लाखांच्या आसपास आहेत. चार वर्षांच्या मुलीने केलेला निळा, एकाच डोळ्याचा, मिशाळ जीव त्यांत बसत नाही असं छातीठोकपणे सांगणार कोण?

अडचण येते ती साहित्याची. या कलाकुसरीच्या पुस्तकांत पहिल्या ओळीलाच पाइप क्लीनर मागतात. आपल्याकडे पाइप ओढणारी माणसं बहुतेक सिनेमातच, आणि तीही शेवटी खुनी निघायची. त्यामुळे त्या पाइपच्या साफसफाईशी आपला संबंध आला नव्हता. आता ती लोकरी तार स्टेशनरीच्या दुकानात जुडीने मिळते, हलणारे डोळे पाकिटात मिळतात. पण खराट्याच्या काडीसारखा पाय दुसरा नाही. ती हवी तिथे मोडते, मोडूनही तुटत नाही, त्यामुळे किड्याला फुकटात गुडघा मिळतो.

शाळेत या सगळ्याला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणतात. "उद्या दोन रिकाम्या बाटल्या आणणे," असा निरोप रात्री नवाच्या सुमाराला येतो. मग घरातले सगळे मिळून सरबत पितात. टाकाऊ मिळावं म्हणून नवं विकत आणायचं, ते घाईने संपवायचं आणि त्यातून आठवडाभर न टिकणारी वस्तू करायची, असा तो सगळा व्यवहार. खऱ्या टाकाऊवर संसार उभा केला तो अरविंद गुप्तांनी. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी करून दाखवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या माळ्यावरच्या अडगळीकडे मीही जरा आदराने पाहिलं.

सुरवंटासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे लागतो. त्यातली एक रांग कापली की सुरवंट तयारच असतो, फक्त रंगवायचा. आमच्या घरात अंडी चालत नाहीत. ट्रे चालतो. हा निर्णय बऱ्याच चर्चेअंती झाला, आणि त्यात "दिवसभर उन्हात ठेवून मगच आत आणायचा" अशी एक दुरुस्ती मंजूर झाली. वरच्या मजल्यावरून तो ट्रे घेऊन येताना जिन्यात एक ओळखीच्या बाई भेटल्या. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "अगंबाई" म्हणून त्या खाली गेल्या. सुरवंट मात्र झकास झाला.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा. रंग कुठलाही द्या, डोळे कुठेही लावा, पाय सहा. आणि सहाही छातीला. कीटकाच्या अंगाचे तीन भाग: डोकं, छाती आणि पोट. पाय सगळे मधल्या भागाला, पंख असतील तर तेही तिथेच. छापील पुस्तकांतली चित्रंसुद्धा इथे घसरतात आणि प्रत्येक भागाला दोन-दोन पाय वाटून मोकळी होतात. नातीचाही कल तोच. "पोटाला नाही दिले तर पोट रडेल ना, आज्जी." वाटणीतला हा न्याय मला मोठ्या माणसांत फारसा दिसलेला नाही, त्यामुळे तिला विरोध करताना जिवावर येतं.

यावर उपाय सापडला तो भुईमुगाच्या शेंगांत. तीन दाण्यांची शेंग घ्या. डोकं, छाती, पोट आपोआप वेगळं दिसतं, मधल्या फुगीर भागाला दाभणाने तीन-तीन भोकं पाडायची (हे काम मोठ्यांचं), त्यांत काड्या खोचायच्या, की मुंगी उभी राहते. दोन दाण्यांची शेंग आली तर तिचा कोळी करावा, कारण कोळ्याचं अंग दोनच भागांचं, पाय आठ, आणि तो कीटक नव्हेच. आणि एकाच दाण्याची गोटीसारखी शेंग निघाली तर तिच्यावर लाल मखमलीचा तुकडा चिकटवायचा: मृगाचा किडा. पहिल्या पावसानंतर मातीत दिसणारा तो लालचुटुक जीव नावाने किडा असला तरी आठ पायांचा आहे, कोळ्याच्या गोतातला. एवढं शास्त्र पावशेर शेंगांत सांगून होतं. दाणे कुटून चटणीला.

आता ढालकिडा. इंग्रजी शाळेतली मुलं त्याला लेडीबर्ड म्हणतात. पिस्त्याचं अर्धं टरफल पालथं घातलं की त्याची पाठ झाली. वरून लाल नेलपॉलिश. पुढे डोक्याच्या जागी एक काळी मिरी. ठिपक्यांना टिकल्या, सगळ्यांत बारीक, मोहरीएवढ्या. सात ठिपक्यांचा ढालकिडा आपल्या शेतांत असतो. दोन्ही पंखांवर तीन-तीन आणि सातवा बरोबर मधल्या जोडावर, अर्धा इकडे अर्धा तिकडे. पिकावरचा मावा खातो म्हणून शेतकरी त्याला मित्र समजतात. हे सगळं मी सांगत होते. नात ऐकत नव्हती. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात बाहेर आलेली, एका बोटावर टिकली. ती टिकली टरफलावर दाबायची, बोट उचलायचं, टिकली बोटाबरोबर परत. पुन्हा दाबायची, पुन्हा परत. मला राहवेना, माझा हात पुढे गेला. तिने न बघताच कोपराने तो बाजूला सारला. शेवटी तिने टिकली बोटावरच राहू दिली आणि टरफल उचलून टिकलीवर दाबलं. चिकटली. मग एकामागून एक तशाच लावल्या आणि सात झाल्यावर पाकिटातून एक मोठी लाल टिकली काढून ती मिरीवर बसवली.

"ही कशाला गं?"

"लेडी आहे ना ती?"

यानंतर माव्याचा विषय मी पुन्हा काढला नाही.

शाईच्या पॅडवर अंगठा दाबून तीन ठसे ओळीने उठवले की मुंगी होते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्याकडे त्यात आजोबा सामील होतात आणि पदवीधर घराण्यातला पहिला अंगठेबहाद्दर म्हणून स्वतःची ओळख करून देतात. डिंकाबद्दलही जास्त सांगत नाही. फेव्हिकॉल तळहाताला फासून, वाळवून, त्याची अखंड साल सोलून काढणं ही मुलांच्या लेखी मुख्य कला असते आणि किडा हे तिचं उपउत्पादन.

फुलपाखराला मात्र थोडा वेळ द्यावा. कागद दुमडायचा, उघडायचा, एकाच बाजूला रंगाचे थेंब टाकायचे, पुन्हा मिटून वरून हात फिरवायचा. उघडताना चार वर्षांचं मूल श्वास धरून बसतं, कारण या बाजूला जे टाकलं ते त्या बाजूलाही आलेलं असतं. पुठ्ठ्याचं फुलपाखरू करायचं तर लग्नपत्रिका उत्तम. जाड, गुळगुळीत, सोनेरी वेलबुट्टीची. पेच एवढाच की वर गणपती असतो आणि गणपतीला कात्री लावता येत नाही. म्हणून आधी गणपती अलगद कापून बाजूला ठेवायचा, मग वधूवरांच्या नावांतून पंख काढायचे. अशा गणपतींचा आमच्याकडे एक डबा भरला आहे. त्यांचं पुढे काय करायचं हे घरात कोणी ठरवत नाही आणि डबा टाकायची हिंमतही कोणाला होत नाही.

काळा कागद मिळाला तर राणी पाकोळी करावी. काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे, खाली काळे ठिपके. 2015 साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. राज्यप्राणी शेकरू आहे, पण शेकरूची शेपटी कागदातून कशी काढायची ते अजून आम्हाला साधलेलं नाही.

अळीसाठी सोपी युक्ती म्हणजे पंचिंग मशीन. बदामाच्या झाडाचं जाड पान घ्यायचं आणि मुलाच्या हाती मशीन द्यायचं. पानाची चाळण झाली की एका भोकातून लोकरीचा तुकडा ओवायचा, ती अळी. एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराला भुकेल्या सुरवंटाच्या गोष्टीची कल्पना अशीच, कागदाच्या थप्पीला भोकं पाडताना सुचली. आधी त्याच्या डोक्यात पुस्तकी किडा होता. संपादकबाईंनी सुरवंट सुचवला आणि 1969 साली पुस्तक निघालं. चित्रंही कशी, तर पातळ कागद रंगवून, कापून, चिकटवून केलेली. म्हणजे आमच्या टेबलावर चालतं तेच. फक्त त्याचं टेबल आवरलेलं असावं.

आमच्या लहानपणी या कामाला कागद लागत नसे, किडाच लागे. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला हेलिकॉप्टर म्हणून उडवायचं, सोनकिडा काडेपेटीत कोंडून वर्गात न्यायचा. मोठी माणसंही मागे नव्हती: 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी घातलेल्या मोराच्या पिसांच्या नक्षीच्या झग्यावर प्रत्येक डोळ्याशी भुंगेऱ्याचे चमकते हिरवे पंख शिवलेले होते. त्या मानाने पिस्त्याचं टरफल बरं. कोणाचा जीव जात नाही, फक्त सुनेची नेलपॉलिश संपते.

मुलं गॅलरीत शाडूच्या अळ्या वळत बसली होती तेव्हा खिडकीच्या चौकटीत एक खरी कारागीर कामाला लागलेली होती. कुंभारीण माशी. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून यायची, काठावर लावायची, पातळ पसरायची आणि पुढच्या गोळीसाठी निघून जायची. मडकं चिंचोक्याहून थोडं मोठं; वर आखूड गळा आणि बाहेर वळलेली कड. मडकं झालं की ती आत छताला बारीक दोऱ्याने एक अंडं टांगते. मग अळ्या आणून भरते. डंख मारून त्यांना लुळं केलेलं असतं, मारलेलं नसतं, म्हणजे त्या ताज्या राहतात. शेवटी तोंड मातीने बंद.

माझ्या आजीने मला याचा वेगळा अर्थ सांगितला होता. माशी अळीला कोंडते, कानाशी गुणगुणते आणि तिचंच ध्यान करून अळी माशी होते. कीटभृंगाचा हा दृष्टान्त आपल्या संतांना फार प्रिय. प्रत्यक्षात अंड्यातलं बाळ त्या अळ्या खातं आणि तेच मोठं होऊन बाहेर पडतं. चार वर्षांच्या मुलीला यातलं काय सांगावं? दृष्टान्त सांगावा तर खोटं, खरं सांगावं तर रात्री झोपायची नाही. मी भीत भीत खरं सांगितलं. तिने मडक्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आईने डबा भरून दिलाय." आणि पुन्हा शाडू वळायला लागली. त्या दिवसापासून चौकटीतली जळमटं काढताना मडक्यापाशी झाडू थांबवायचा असा घरात नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला ओरडण्याचा अधिकार तिच्याकडे.

झुरळाची मागणी अर्थातच झाली. कुठल्याही पुस्तकात झुरळ नसतं. फुलपाखरू, मधमाशी, काजवा, सगळे सभ्य लोक. पण मुलांच्या ओळखीचं कोण, तर झुरळ. ते केलं खजुराचं. पाठीवर कांद्याच्या सालीचे पंख, तपकिरी, पातळ, तेवढेच चकचकीत. मिशा नारळाच्या शेंडीच्या. पाय सहा, सगळे छातीला, यावेळी नातीने वाद न घालता लावले. मग ते गॅसच्या शेगडीमागे नेऊन ठेवलं आणि आम्ही दोघी बाहेर येऊन पुस्तक वाचत बसलो. सूनबाईने त्याच्यावर लाटणं हाणलं. कलाकृतीला इतकी तत्काळ दाद मी दुसरीकडे पाहिलेली नाही. उरलेला खजूर संध्याकाळी खऱ्या मुंग्या घेऊन गेल्या, हळदीची रेघ ओलांडून.

तर मंडळी, पिस्त्याची टरफलं फेकू नका. सणासुदीत खूप निघतात, तुमच्याकडे लहान मूल नसेल तर आमच्याकडे पाठवा. तीन दाण्यांच्या शेंगा वेगळ्या काढून ठेवा, दाणे तुम्ही खाल्लेत तरी हरकत नाही. अंड्यांचे ट्रेही चालतील. फक्त देताना वर्तमानपत्रात गुंडाळून द्या, जिन्यात माणसं भेटतात.