बहात्तर हजारी शेठजींस खुले पत्र

श्री. रा. रा. शेठजी,


सर्व मार्गांनी मिळून आपले वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अवघे 72 हजार रुपये असल्याचा दाखला आपण मिळवलात, त्याबद्दल अभिनंदन. महिन्याला सहा हजारांत हार्डवेअरचे दुकान, दुमजली बंगला आणि दारातल्या दोन गाड्या! काटकसर शिकावी तर आपल्याकडून. स्वयंघोषणापत्रावर सही करताना आपला हात जराही थरथरला नाही म्हणे. अंगठ्यांच्या वजनाने स्थिर राहिला असावा.

खरे तर चिरंजीवांच्या फी-सवलतीसाठी इतके खाली उतरायची गरजच नव्हती. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा आठ लाखांची. तिच्या आत असले की खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी सरकार भरते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींची तर 2024-25 पासून पूर्ण. सात लाख सांगूनही महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज बसला असता. पण हौसेला मोल नसते.

शेजारच्या गुरुजींना ही कला साधली नाही. जिल्हा परिषदेची नोकरी, पगार बँकेत, फॉर्म 16 हातात. महागाई वाढली म्हणून सरकारने महागाई भत्ता वाढवला, बेरीज आठ लाखांच्या जराशी पुढे सरकली आणि मुलाची सवलत गेली. थोडी कमी झाली असे नव्हे, सगळीच गेली. त्या रेषेपुढे उतार नाही, थेट कडा आहे. जे उत्पन्न दिसते तेच मोजले जाते, हे आपण बरोबर हेरलेत. पगार दिसतो, रोखीचा गल्ला दिसत नाही.

आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे उत्पन्न खरोखरच 72 हजार आहे. मुलीच्या प्रवेशासाठी हाच दाखला मिळवायला त्या तलाठी कार्यालय आणि सेतू केंद्र यांच्यात हेलपाटे घालताहेत. कधी रेशनकार्डाची झेरॉक्स कमी पडते, कधी साहेब मीटिंगला गेलेले असतात. त्यांच्या प्रत्येक खाड्याचे पैसे आपण कापता. तेवढा हिशेब आपल्याकडे चोख असतो.

एकच विनंती. चिरंजीव इंजिनिअर झाले की स्थळे येतील. मुलीचे वडील ‘घरचं कसं काय?’ विचारतील, तेव्हा बंगला दाखवू नका. हाच दाखला पुढे करा.

आपला नम्र,
एक फॉर्म 16 वाला पालक